बंद गाडी

“आधी पाणी घ्या, मग आरोपीला बघा,” भगवानराव काशीद म्हणाले आणि त्यांनी तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवलं.

मी पाणी प्यायले. मे महिन्यातली बार्शी. सकाळचंच ऊन होतं, पण अंगणाकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, ते गाडीबद्दल बोलताहेत.

“कुठे लावलाय आरोपी?” मी विचारलं.

“लावलाय कुठला? तुमच्यापुढं बसलाय की,” ते म्हणाले आणि हसले नाहीत.

मी तेव्हा चाकणच्या एका मोटार कंपनीत अपघात तपासणीचं काम करत होते. आमच्या गाडीबाबत कुठे काही विपरीत घडलं की लॅपटॉप घेऊन जायचं, गाडीतल्या ब्लॅक बॉक्समधली नोंद वाचायची आणि अहवाल द्यायचा. इंजिन कधी सुरू झालं, पट्टा बांधला होता की नाही, काचा वर होत्या की खाली, एसीची हवा बाहेरून येत होती की आतल्या आत फिरत होती, सगळं ती पेटी मुकाट्याने टिपून ठेवते. खरं सांगायचं तर मला त्या कामात मजा यायची. ‘मॅडम, आईशप्पथ ब्रेक दाबला होता’ असं म्हणणाऱ्याला, बाबा रे, तुझा पाय ॲक्सिलरेटरवर होता, हे दाखवण्यासाठी मी कुठेही गेले असते. बाईमाणूस बॉनेट उघडतंय म्हणून लोक गोळा व्हायचे. मी त्यांच्यातल्याच एखाद्याला टॉर्च धरायला लावायचे.

बार्शीचं प्रकरण मात्र मजेचं नव्हतं. भगवानराव, म्हणजे गावाचे आण्णा, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी आमची गाडी घेतली होती. आठवड्यापूर्वी दुपारी लाइट गेली. घरात पाच महिन्यांची गरोदर सून, स्वप्नाली. तिला उकाडा सोसेना, म्हणून आण्णांनी तिला शेडमधल्या गाडीत एसी लावून झोपवलं. थोड्या वेळाने बघायला गेले तर ती हलवून उठेना. गाडीचा धूर आत भरला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं, पोटातल्या बाळालाही वाचवलं, पण दवाखान्यातून तिला तिच्या वडिलांनी परस्पर वैरागला माहेरी नेलं. वडिलांनी पोलिसांत अर्ज दिला की, सासऱ्याने माझ्या पोरीला गाडीत कोंडून मारायचा प्रयत्न केला. फौजदार आमच्या अहवालासाठी थांबले होते. मुलगा सुरतेहून आला, बाप आणि बायको यांच्या मध्ये दोन दिवस उभा राहिला आणि कुणाचीच बाजू न घेता परत सुरतेला गेला.

“आज दुपारी येणार आहेत व्याही,” आण्णा म्हणाले. “सुनेचे कपडे न्यायला. ती पण येणार आहे. तुमचा काय निकाल लागतो तो ऐकून जाणार.”

“मी न्यायाधीश नाही हो.”

“त्यांच्यासाठी आहात. कंपनी सांगेल ते खरं म्हणाले. मी पण हो म्हणालो. मला जेलबिलची भीती नाही मॅडम. तिनं एकदा म्हणावं की आण्णांनी मुद्दाम नाही केलं. ती काहीच म्हणत नाही. दवाखान्यात मी खिडकीतनं बघितलं तर तिनं तोंड फिरवलं.”

शेड घराच्या बाजूला होतं. तीन बाजूंनी पत्रे, वर पत्रे. पुढची बाजू उघडी होती, पण तिथे गोणपाटं बांधल्याच्या दोऱ्या अजून लोंबत होत्या. गाडी तोंड बाहेर करून उभी होती, म्हणजे धुराचा पाइप मागच्या पत्र्याकडे. पुढून गोणपाट, मागून पत्रा. याहून पक्की पेटी मलाही करता आली नसती.

“गोणपाट कुणी बांधलं?”

“मीच. बादली घेऊन पाणी मारत होतो त्याच्यावर. तिला गार वारा लागावा म्हणून.”

हे त्यांनी अशा काही सरळपणे सांगितलं की मी त्यांच्याकडे वळून बघितलं. साडेपाच फूट उंची, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. चोराच्या मनात चांदणं असतं तसं काही त्या चेहऱ्यावर दिसेना. पण चेहरे वाचायचं काम माझं नव्हतं. मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली आणि पेटी वाचायला घेतली.

पेटीने सगळं सांगितलं. इंजिन चालू. एसी पूर्ण. चारही दारं लागलेली. हवेचं बटण ‘आतली हवा’ या खुणेवर. शेजारच्या सीटवर माणूस. थोड्या वेळाने इंजिन बंद झालं. इथपर्यंत ठीक होतं. त्यानंतर ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, इंजिन पुन्हा चालू झालं आणि दार लागलं. मग बराच वेळ काही नाही. नुसतं इंजिन चालतंय.

मी ती ओळ पुन्हा वाचली. बंद पडलेलं संकट कुणीतरी बाहेरून येऊन परत सुरू केलं होतं.

“आण्णा, इंजिन मध्येच कुणी बंद केलं?”

“तिनं केलं असणार. पेट्रोल जळतंय म्हणून. फार काटकसरी आहे.”

“आणि परत चालू?”

“मी केलं.”

मला वाटलं होतं, आता आठवत नाही म्हणतील, निदान अडखळतील. बहुतेक जण इथेच अडखळतात.

“का?”

“का म्हणजे? पुस्तकात लिहिलंय म्हणून.”

ते घरात गेले आणि गाडीचं पुस्तक घेऊन आले. आमच्या कंपनीची ती मालक-पुस्तिका मी शेकडो गाड्यांच्या खणात बघितली होती, बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली. आण्णांनी तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं. आत जागोजागी लाल पेनाने रेघा मारल्या होत्या. टायरमधली हवा, लहान मुलांचं कुलूप, एसीची बटणं, सगळं त्यांनी परीक्षेला बसल्यासारखं वाचलं होतं. ‘सुरक्षा सूचना’ या पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि फलाटावर घोषणा करतात तशा आवाजात वाचलं.

“बंद गाडीत एसी लावून झोपू नये. जीवास धोका.”

“वाचली होती ही ओळ?”

“पाठ आहे.”

“मग?”

“मग काय? पाळली की.”

मला राग आला. माणसाने खोटं बोलावं, पण इतक्या उघड्यावर बोलू नये. “आण्णा, तुम्ही माझी थट्टा करताय का?”

“माझी सून मरता मरता वाचली,” ते म्हणाले. “मी थट्टा करीन?”

मी लॅपटॉप मिटला. मला जे लिहायचं होतं ते माझ्या डोक्यात तयार होतं: सूचना माहीत असूनही मालकाने ती पाळली नाही, उलट बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू केलं. दोन ओळींचा अहवाल. आण्णा माझ्याकडे बघत होते.

“काय लिहिणार?”

“पेटीत आहे ते.”

“किल्ली फिरवताना माझ्या मनात काय होतं, ते आहे का पेटीत?”

“नाही. ते टिपत नाही ती.”

“मग अवघड आहे,” ते म्हणाले आणि पुस्तकावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. धूळ नव्हतीच.

माझी गाडी रस्त्यावर उन्हात उभी होती. आत पाऊल टाकवेना इतकी तापलेली. मी इंजिन सुरू केलं, एसी लावला, गरम हवा निघून जावी म्हणून चारही काचा खाली केल्या, दार सताड उघडं ठेवलं आणि बाहेर उभी राहिले. तेवढ्यात आण्णांच्या बायको, मालनकाकू, लगबगीने आल्या. हातात शेंगाचटणीची पुडी. त्या काहीतरी सांगत होत्या, पण मला ऐकू येईना. इंजिनाची घरघर, वर एसीचा पंखा.

“काय म्हणता काकू?”

“अवो बाई, आदी ती गाडी बंद करा की! काय ऐकूच येईना झालंय.”

मी आत वाकून किल्ली फिरवली. गाडी बंद झाली.

आणि मी तशीच वाकलेली राहिले. चारही काचा खाली होत्या. दार उघडं होतं. आरपार वारा वाहत होता. आणि मी आत्ताच गाडी बंद केली होती.

“काय झालं? चक्कर आली का?” काकूंनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “उतरली.”

मी तडक शेडकडे गेले. आण्णा तिथेच उभे होते.

“आण्णा, बंद गाडी म्हणजे कुठली?”

त्यांना प्रश्न कळेना. “म्हणजे?”

“पुस्तकात म्हटलंय ना, बंद गाडीत झोपू नये. कुठल्या गाडीत?”

“ही काय, तुम्ही आत्ता केलीत ती. इंजिन बंद, ती बंद गाडी. तुमच्या पुण्याकडे काय वेगळी असते का?”

पुण्याकडेही तीच असते. बारामतीला, नागपूरला, जिथे जिथे मराठी माणूस किल्ली फिरवतो तिथे तीच असते. मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली होती आणि मला कधी खटकली नव्हती, कारण मी मूळ इंग्रजी आधी वाचलं होतं. तिथे अर्थ सरळ होता: दारं-काचा लावलेल्या गाडीत, इंजिन चालू ठेवून झोपू नये. कुणा भाषांतरकाराने ‘काचा लावलेली’च्या जागी ‘बंद’ घातलं, इंजिनाचा शब्द जागा वाचवायला गाळला, आणि सूचनेचं तोंड उलट्या दिशेला झालं.

“सगळी नोकरी स्टँडवर गेली माझी,” आण्णा सांगत होते. त्यांना वाटलं, मला अजून पटलेलं नाही. “फलाटावर बंद गाडीत पॅसेंजर बसू द्यायचे नाहीत, हा माझा नियम. उन्हाळ्यात म्हातारी माणसं जागा धरायला आत जाऊन बसायची. गाडी सुटायची नाही, वारा नाही, चक्कर येऊन पडायची. मी खाली उतरवायचो. शिव्या द्यायची मला. इंजिन सुरू झालं, गाडी निघाली की वारा खेळतो. पुस्तकात वाचलं तेव्हा मी म्हणालो, शाबास, कंपनीलासुद्धा हे कळतंय.”

“आणि स्वप्नालीने इंजिन बंद केलं, तेव्हा तुम्ही धावत गेलात.”

“धावतच गेलो. म्हटलं, पोर बंद गाडीत झोपली. बॅटरी उतरेल, हवा थांबेल.” माझ्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. “का हो? काय लिहायचं होतं त्यात?”

मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण त्यांना तेवढा मान देणं भाग होतं.

आण्णा गाडीच्या बॉनेटला धरून खाली बसले. आतापर्यंत ते समजत होते की गाडीत काही बिघाड होता. “म्हणजे तिनं केलं ते बरोबर होतं,” ते म्हणाले. “तिनं बंद केलेली गाडी मी परत...” इतका वेळ कोरडे असलेले त्यांचे डोळे भरून आले. मला त्या माणसाबद्दल अशी माया दाटून आली की मीही त्यांच्या शेजारी मातीत बसले.

“आण्णा, तुम्ही पुस्तक पाळलंत. पुस्तक चुकलं. यात तुमचं काही नाही.”

“लिहाल असं?”

“तेच लिहिणार.”

आधी पुण्याला फोन केला. आमचे वरिष्ठ इनामदार साहेब जेवायला बसले होते.

“डेटा क्लिअर आहे ना नंदिनी?” ते म्हणाले. “इंजिन त्याने परत चालू केलं. मग ‘मालकाची हयगय’ लिहायचं आणि निघायचं.”

“साहेब, हयगय आपली आहे.” मी ओळ वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला. पलीकडे चावणं थांबलं.

“शब्दांचा कीस काढतेस तू. वकील म्हणतील, कंपनीवर येईल.”

“वाक्य कंपनीचं आहे. कंपनीवरच येणार.”

“अगं, हे पुस्तक किती गाड्यांमध्ये गेलंय माहितेय ना?”

“माहितेय, म्हणूनच म्हणतेय. ही सूचना नीट वाचणारा, आज्ञाधारक, सरळ माणूस मरेल साहेब. जो पुस्तक उघडतच नाही तो वाचेल. असं पुस्तक आपण वाटतोय.”

“मला विचार करू दे. तोवर काही पाठवू नकोस.”

“पाठवलं,” मी म्हटलं. खरं तर तेव्हा पाठवलं नव्हतं. फोन ठेवला आणि ओसरीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहून पाठवलं. त्या दुपारी मी एवढं एकच खोटं बोलले आणि तेही जेमतेम अर्धा तास टिकलं.

व्याही आले ते धूळ उडवत आले. हणमंतराव बारबोले, वैरागला खतांचं दुकान, आवाज दुकानाच्या बाहेरपर्यंत जाईल असा. मागून स्वप्नाली उतरली. फिकी पडली होती, ओठ सुकलेले. तिच्या हातात दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या. काकूंनी दोन्ही बॅगांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. एक बॅग असती तर बाळंतपणाला चालली असं म्हणता आलं असतं. दोन म्हणजे कपाट रिकामं.

“काय म्हनतंय मशीन?” हणमंतरावांनी बसायच्या आधीच विचारलं.

“मशीन म्हणतंय, तुमच्या मुलीने इंजिन बंद केलं होतं. आण्णांनी येऊन परत चालू केलं.”

“ऐकलं का!” ते गरजले. “मी म्हनलं न्हवतं? पोरीनं जीव वाचवायला बंद केली, ह्यानं परत चालू केली. आता काय ऱ्हायलं?”

आण्णा मान खाली घालून बसले होते. स्वप्नाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, बॅगा अजून हातातच.

“एवढंच राहिलंय,” मी म्हटलं. “हणमंतराव, तुमची गाडी कुठंय?”

“ही काय, बाहेर.”

“सावलीत?”

“सावली कुठली इथं? उन्हातच हाय.”

“मग काचा?”

“काचा उगड्याच ठेवल्यात. न्हाईतर भट्टी हुती.”

“बरं. आणि गाडी बंद आहे ना?”

“बंद हाय की! म्हंजी काय, चालू ठिवून ईन का?”

“चारही काचा उघड्या आहेत. तरी बंद?”

“अवो, बंद म्हंजी...” ते बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आण्णांकडे. मी खाकी कव्हरातलं पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. हणमंतरावांनी खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला, ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“बंद गाडीत झोपू ने,” ते हळू म्हणाले. “मंग चालू गाडीत...”

“चालेल, असंच वाटतं की नाही?”

“तसंच वाटतंय,” हणमंतराव म्हणाले. खताच्या दुकानातला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. “मी असतो तरी मीबी चालूच केली असती.”

तेवढ्यात दारातून आवाज आला.

“आण्णा म्हणाले होते.”

सगळ्यांनी मागे बघितलं. आठवडाभरात या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती.

“मला झोप लागत होती,” स्वप्नाली म्हणाली. “आण्णांनी दार उघडलं, किल्ली फिरवली आणि म्हणाले, ‘बाळा, बंद गाडीत झोपू नये, पुस्तकात लिहिलंय.’ तेवढंच आठवत होतं मला. दवाखान्यात सारखं तेच आठवायचं. डॉक्टर म्हणाले, चालू गाडीच्या धुरानं झालं. मग मला वाटायचं, आण्णांना माहीत होतं, तरी चालू करून गेले. आणि वर असं का बोलले? मला अर्थच लागेना.” तिने वडिलांकडे बघितलं. “दादांना सांगितलं असतं तर त्यांनी अजून आगीत तेल ओतलं असतं. म्हणून गप्प बसले.”

तिने बॅगा खाली ठेवल्या, आत आली आणि सासऱ्यांच्या पायाशी बसली.

“आण्णा, तुम्ही मुद्दाम नाही केलं.”

आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी अपघातांच्या जागी कधी रडत नाही. तिथे रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग मात्र मी कामाला लागले. नुसतं चूक म्हणून भागणार नव्हतं, नवी ओळ पाठवायची होती, आणि ती तपासायला यापेक्षा चांगली माणसं मला चाकणमध्ये मिळाली नसती. मी वही काढली.

“‘काचा लावून, एसी लावून झोपू नये.’ कसं वाटतं?”

“काचा लावून?” काकू म्हणाल्या. “म्हंजी बशिवल्या व्हय? गाडीला काचा लावूनच येत्यात की.”

“आणि दार लावलं की बंद होतंय, एसी लावला की चालू होतोय,” हणमंतराव म्हणाले. “एकाच वळीत दोन लावनं. पुन्ना घोळ.”

“खरंच की,” मी म्हटलं. आपण दार लावतो तेव्हा मिटतो आणि पंखा लावतो तेव्हा सुरू करतो, ही गंमत इतकी वर्षं मराठी बोलून माझ्या ध्यानात आली नव्हती. आण्णा पहिल्यांदा हसले.

“‘लावून’ नको, ‘बंद’ नको,” ते म्हणाले. पेन खिशातून बाहेर आलं. “घोषणा कशी करायची, मला विचारा. जो धोका तो आधी सांगायचा. ‘इंजिन चालू असताना गाडीत झोपू नये.’ संपलं. काचांचं नंतर सांगा, शेडचं नंतर सांगा. पॅसेंजर अर्धीच घोषणा ऐकतो.”

आजही आमच्या पुस्तकात सुरुवातीची ओळ तीच आहे. ती सगळ्या जुन्या मालकांकडे चिकटपट्टीवर छापून गेली, डॅशबोर्डवर लावायला. शेडबद्दल आणि हवेच्या बटणाबद्दलच्या ओळी तिच्याखाली आल्या. इनामदारांनी महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. पुढे एका बैठकीत ते हीच गोष्ट सांगताना मी ऐकलं. त्यांच्या सांगण्यात बार्शीला ते स्वतः गेले होते. मी त्यांना थांबवलं नाही, फक्त शेंगाचटणी कशी होती ते विचारलं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर स्वप्नालीने कपाट उघडलं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ती जाणार होतीच. पण तिने चार साड्या, दोन गाऊन आणि बाळासाठी विणायला घेतलेली लोकर एवढंच बॅगेत भरलं. दुसरी बॅग रिकामीच परत तिच्या वडिलांच्या हातात दिली. हणमंतरावांनी ती रिकामी बॅग घडी करून काखेत धरली. मग म्हणाले, “अर्ज उद्या मागं घेतो. फौजदाराला मीच सांगतो.” काकूंनी सुनेला पाटावर बसवून तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. तांदळाचा दाणाही खाली सांडला नाही.

मी निघायच्या बेतात होते, पण पाय निघेना.

बाहेर आल्यावर हणमंतराव स्वतःच्या गाडीचं दार उघडून उभे राहिले. स्वप्नाली तिकडे गेली नाही. ती शेडकडे वळली.

“दादा, तुम्ही पुढं व्हा,” ती म्हणाली. “मला आण्णा सोडतील.”

“त्या गाडीत?” हणमंतराव आणि काकू एकाच दमात म्हणाले.

“त्याच गाडीत.”

आण्णांनी त्या दिवसापासून किल्लीला हात लावला नव्हता. काकूंनी देव्हाऱ्यामागून ती आणून दिली. स्वप्नाली पुढच्या सीटवर बसली, त्याच सीटवर जिथून तिला उचलून बाहेर काढलं होतं. सीट सरळ केली, हात लांब करून, वळून, एकेक करत चारही दारांच्या काचा खाली केल्या आणि मग पट्टा पोटाखालून नीट घेऊन बांधला. त्या गाडीच्या काचा हँडलने फिरवायच्या होत्या. वेळ लागला. कुणी मध्ये पडलं नाही.

आण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. त्यांनी सुनेकडे बघितलं.

“चालू करू?”

तिने ओटीचा नारळ मांडीवर सावरला.

“करा की आण्णा,” ती म्हणाली. “बंद गाडीत किती वेळ बसायचं?”